पोहणाऱ्याच्या डोळ्यांवरील काच

उलटतपासणी घेताना वकिलाने जे प्रश्न सहसा चुकवू नयेत, त्यांत 'त्या वेळी उजेड कोणत्या बाजूस होता?' हा एक होय. १८५८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन यांनी, चंद्रप्रकाशात हल्ला पाहिला असे शपथेवर सांगणाऱ्या साक्षीदारापुढे पंचांग ठेवले, आणि चंद्र त्या वेळी मावळतीकडे खाली उतरला होता हे दाखवून आपला अशील सोडविला. पंचांगाचा असा उपयोग आपल्याकडील पंचांगकर्त्यांच्या स्वप्नातही आला नसेल! ही कथा आम्हांस अलीकडे पुन्हा आठवली ती मात्र न्यायालयात नव्हे, तर पोहण्याच्या चष्म्यावरून.

आमची एक भाची खुल्या पाण्यातील शर्यतींत उतरते. सिल्वासास समुद्र नाही. सह्याद्रीत उगम पावून दमणला अरबी समुद्रास मिळणारी दमणगंगा आहे आणि मधुबन धरणामुळे दुधनीपर्यंत पसरलेला जलाशय आहे. होडी सोबतीला घेऊन तिने सराव केला तो याच पाण्यात, आणि डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी स्पर्धेस ती गेली ती तलावात नित्य वापरावयाचा निळ्या काचेचा चष्मा घेऊन. जाताना सारे सुरळीत झाले. परतताना मात्र ती मार्ग सोडून बरीच बाजूला गेली. घरी आल्यावर म्हणाली, "मामा, वळल्यावर बोया दिसेचना. समोर नुसती चांदी पसरली होती!" आम्ही वकिली सवयीने विचारले, "सूर्य कोठे होता?" तिने थोडा विचार केला आणि उत्तर न देता हसली.

पोहणाऱ्यास चष्मा मुळात लागतो कशाला, येथूनच हा इतिहास सुरू होतो. आमच्या पिढीतील पुष्कळांनी पोहण्याचे पहिले धडे घेतले ते गावच्या विहिरीत किंवा देवळाच्या तळीत, पाठीला सुका भोपळा बांधून. डोळे उघडेच असत, आणि ते लाल दिसले की दुपार कोठे गेली हे आईस सांगावे लागत नसे. पाण्याखाली सारे अंधुक दिसे, पण तळीत पाहावयाचे तरी काय असते? मानवी डोळ्याची प्रकाश एकवटण्याची जी शक्ती, तिचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाचा असतो आणि तो हवेच्या संगतीतच काम देतो. पाणी डोळ्यास भिडले की ती शक्ती जवळजवळ संपते. अंदमान समुद्राकाठच्या मोकेन जमातीच्या मुलांना मात्र पाण्याखालीही युरोपीय मुलांच्या दुपटीहून अधिक बारीक दिसते, असे स्वीडिश संशोधिका आना गिस्लेन यांनी २००३ मध्ये दाखविले. डोळ्याची बाहुली आकसून घेण्याची कला त्या मुलांनी साधली आहे. इतरांस डोळ्यांपुढे हवेची कोंडी धरणारी काच हवी.

ही काच शर्यतीच्या पोहण्यात आली कशी? १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब इंग्लिश खाडी पोहून गेला तो बेडकासारखे हातपाय मारीत, डोके पाण्याबाहेर ठेवून. त्यास चष्म्याची गरजच नव्हती. १९११ मध्ये त्याच्यानंतर यशस्वी झालेल्या बर्जेसने मोटारसायकलस्वाराचा चष्मा लावला होता, तो लाटांचे तुषार चुकविण्यापुरता. पुढे हातांच्या आलटून पालटून फेकीचे पोहणे रूढ झाले आणि पोहणाऱ्याचे तोंड पाण्याखाली गेले. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही पहिली स्त्री त्याच पद्धतीने ती खाडी पोहून गेली, तेव्हा तिच्या चष्म्याच्या कडा मेणाने बुजविल्या होत्या. पुरुषांचा तोवरचा विक्रम तिने सुमारे दोन तासांनी मागे टाकला. तलावांत मात्र उघड्या डोळ्यांचे राज्य पुष्कळ काळ टिकले. १९७२ च्या म्यूनिख ऑलिंपिकमधील मार्क स्पिट्झची सातही सुवर्णपदके बिनचष्म्याची आहेत. (२७ सप्टेंबर १९५८ रोजी इंग्लिश खाडी पोहून जाणारे पहिले भारतीय मिहिर सेन हे बॅरिस्टर होते, एवढे आमच्या व्यवसायाच्या अभिमानासाठी येथे नोंदवून ठेवतो.)

तोंड पाण्याखाली गेल्याने वेग वाढला, परंतु समोरचे दिसणे गेले. तलावात तळाशी काळी रेघ असते. दर्यात ती कोण आखणार? म्हणून समुद्रातील पोहणारा काही हातांनंतर क्षणभर डोळे पाण्यावर काढतो, बोया किंवा किनाऱ्यावरची खूण टिपतो आणि पुन्हा खाली जातो. त्या क्षणात जे दिसेल तेवढ्यावर पुढची दिशा ठरते. काचेच्या रंगाचा सारा प्रश्न या क्षणापुरताच आहे.

दिसण्याचे मोल काय असते हे फ्लॉरेन्स चॅडविक हिच्याइतके कोणास कळले असेल? ४ जुलै १९५२ रोजी कॅटलिना बेटावरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे ती निघाली. दाट धुके होते. पंधरा तासांहून अधिक पोहल्यावर तिने पाणी सोडले, तेव्हा किनारा मैलाच्या आत होता. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने ते अंतर पार केले. धुक्यावर कोणत्याही काचेचा उपाय चालत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत म्हणून आम्ही सांगतो.

आणि मुंबईचे तारानाथ शेणॉय! त्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, दृष्टीही अधू. तरी १९८० च्या दशकात ते इंग्लिश खाडी तीनदा पोहून गेले. सोबतच्या होडीवरून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. होडीशी त्यांचा जो काही संवाद झाला असेल तो त्या अधू नजरेच्याच आधाराने. २०१८ मध्ये पुण्याचे रोहन मोरे जगातील सात अवघड सामुद्रधुन्या व खाड्या पोहून जाणारे पहिले आशियाई ठरले, तेव्हा आम्हांस शेणॉय यांचीच आठवण अधिक झाली.

आता रंगांकडे वळू. धुरी काच सर्व प्रकाश सारखाच कमी करते; डोळ्यांस आराम मिळतो, पण बोया पाण्यापासून अधिक उठून दिसत नाही. पिवळी, नारिंगी किंवा तांबूस काच निळा प्रकाश अडविते. पाणी निळसर आणि दूरची धूसरताही निळसर, म्हणून ती दोन्ही काळवंडतात व नारिंगी बोया उजळ दिसतो. निळी काच नेमके उलट करते: पाणी उजळ राखते आणि नारिंगी रंग मारून टाकते. तलावाच्या झगझगाटात ती सुखावह खरी, परंतु समुद्रात नारिंगी खूण शोधणाऱ्याच्या ती विरुद्ध पक्षाची साक्षीदार आहे.

पण हा हिशेब सूर्य पाठीशी असेतोवरचा. सूर्य समोर आला की बोयाची आपल्याकडील बाजू सावलीत जाते, रंग नाहीसा होतो आणि चकाकत्या पाण्यावर एक काळा ठिपका तेवढा उरतो. तेथे चकाकी मारणारी काच हवी: गडद, आरशाचा लेप दिलेली, किंवा ध्रुवीकरण करणारी. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी आडव्या कंपनांचा असतो आणि ध्रुवीकारक काच तोच अडविते. सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंश वर असताना तिचा गुण सर्वांत अधिक. अगदी सकाळच्या तिरप्या उन्हात कमी. शिवाय श्वासासाठी मान बाजूस वळविली की काचेचा अक्षही वळतो आणि तो लाभ जातो. समोर पाहताना मात्र तो पुन्हा मिळतो.

आमचा कोकण किनारा पश्चिमाभिमुख आहे, ही गोष्ट चष्मा घेताना कोणी लक्षात घेत नाही. सकाळच्या शर्यतीत येथे जाताना सूर्य पाठीशी असतो व परतताना माडांच्या शेंड्यांवरून थेट डोळ्यांत येतो. मद्रासकडील किनाऱ्यावर हेच उलट. म्हणून इतरांनी केलेली शिफारस आपल्या किनाऱ्यास जशीच्या तशी लावणे म्हणजे दुसऱ्याच्या दाव्यातील निकालपत्र आपल्या दाव्यात वाचून दाखविणे होय. आमचे मत असे की, काच परतीच्या वाटेवरून ठरवावी. कारण पोहणारा थकलेला असतो तो परतताना, आणि चुकीची किंमत तेव्हाच जास्त पडते. चिवल्यासारख्या ठिकाणी गडद तांबूस, ध्रुवीकारक काच दोन्ही वाटांवर निभावते.

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया या सुमारे ३६ किलोमीटरांच्या मार्गाचा न्याय निराळा. ओहोटीचा लाभ घेण्यासाठी पोहणारे तेथे बहुधा रात्रीच पाण्यात उतरतात, आणि अंधारात रंगीत काच म्हणजे हातची दृष्टी घालविणे. बिनरंगी काचच हवी. मार्ग वायव्येकडे जातो, म्हणून उगवता सूर्य उजव्या हातास मागे राहतो; उजवीकडे श्वास घेणाऱ्यास तो टोचतो, पण समोरची मुंबई उजळून दिसते. पोहोचण्यास दुपार टळली तर मात्र ऊन डाव्या बाजूने समोरून येते. म्हणून शहाणे पोहणारे दुसरा चष्मा होडीवर ठेवतात आणि होडीस हात न लावता तो बदलून घेतात.

आमच्या दमणगंगेचे पाणी पावसाळ्यात गढूळ असते. तेव्हा तिच्यात उतरू नये हाच सल्ला. यंदा भाचीने शर्यतीचा नकाशा आधीच मागविला आहे. त्यावर जाण्याची व परतण्याची दिशा तिने पेन्सिलीने आखली आणि त्या दिवसाचा सूर्योदय पाहण्यासाठी आमचे पंचांग नेले, ते अद्याप परत केलेले नाही. तांबूस काचेचा नवा चष्मा आला आहे. आभाळ भरून आले तर असावा म्हणून बिनरंगीही तिने पिशवीत टाकला आहे.