मध्यस्थ शोधयंत्र आणि पृच्छकाची अनामिकता

एकच प्रश्न अनेक शोधयंत्रांपुढे ठेवून त्यांची उत्तरे एकत्र मांडणाऱ्या साधनास 'मेटासर्च' म्हणतात. ह्या साधनाचा उगम गोपनीयतेच्या चिंतेतून झालेला नाही, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. १९९५ साली वॉशिंग्टन विद्यापीठात सेलबर्ग व एट्झिओनी ह्यांनी 'मेटाक्रॉलर' सिद्ध केले, ते कोणत्याही एका शोधयंत्राच्या कवेत सारे वेब मावत नव्हते म्हणून.

ह्या मध्यस्थाचे दुसरे मोल २००६ साली स्पष्ट झाले. जूनमध्ये नेदरलंड्समधील 'इक्सक्विक'ने वापरकर्त्यांच्या नोंदी पुसून टाकण्यास प्रारंभ केला. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील 'एओएल'ने सुमारे साडेसहा लाख व्यक्तींचे तीन महिन्यांतील शोध संशोधनार्थ प्रसिद्ध केले. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. तथापि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी प्रश्नांच्या शब्दांवरूनच एका स्त्रीस हुडकून काढले. भाषाभ्यासकास ह्यात नवल वाटू नये. ग्रामनाम, आडनाव, दुखण्याचा उल्लेख ह्यांच्या साहचर्यातून पृच्छक प्रकट होतोच.

मेटासर्च हे साहचर्यच तोडते. मूळ शोधयंत्रास प्रश्न पोचतो, परंतु तो मध्यस्थाच्या पत्त्यावरून. विश्वास मात्र मध्यस्थावर ठेवावा लागतो. २०२१ मध्ये 'सर्क्स'पासून निघालेली 'सर्क्सएनजी' ही मुक्त प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालविता येते. पण ती एकट्यानेच वापरली, तर तो पत्ताच वापरणाऱ्याची ओळख ठरतो. तात्पर्य, अनामिकता यंत्रापेक्षा समुदायावर अवलंबून असते. म्हणून असे साधन एकेका संशोधकाने नव्हे, तर विभागाने सामाईक चालविणे अधिक इष्ट होय.