खंडित प्रेषण दोष (हौशी रेडिओ)

खंडित प्रेषण दोष म्हणजे हौशी रेडिओ केंद्रातील ट्रान्सीव्हरचे प्रेषण कायमचे बंद न पडता अधूनमधून थांबणे, क्षीण होणे किंवा विकृत होणे. प्रेषक आणि ग्राही ही दोन्ही यंत्रे एकाच पेटीत सामावणाऱ्या संचास ट्रान्सीव्हर म्हणतात. या दोषात ग्रहण बहुधा सुरळीत चालू राहते, त्यामुळे आपला आवाज पोहोचत नसल्याचे चालकाला समोरच्या केंद्राने कळवल्यावरच समजते. २००१ मधील भूजचा भूकंप आणि डिसेंबर २००४ मधील त्सुनामी या आपत्तींत हौशी रेडिओ केंद्रांनी संदेशवहनाचे काम केले होते. अशा प्रसंगी पूर्ण बंद पडलेल्या संचापेक्षा अधूनमधून बोलणारा संच अधिक घातक ठरू शकतो. बंद संच बाजूला ठेवला जातो, परंतु खंडित दोषाच्या संचावर विश्वास ठेवला जातो.

स्वरूप

कायमचा दोष मापकाच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने शोधता येतो. खंडित दोष मात्र झाकण उघडताच नाहीसा होतो, असा दुरुस्तीकारांचा सार्वत्रिक अनुभव आहे. यामागे भौतिक कारणे आहेत. झाकण काढल्याने आतील तापमान उतरते, पट्टीवरचा ताण बदलतो आणि जोडण्या हलतात. त्यामुळे दोष पकडण्याआधी काहीही दाबणे, पुसणे किंवा बदलणे अनिष्ट मानले जाते. दोष कोणत्या पट्ट्यात, किती वेळाने, थंड संचात की तापलेल्या, कमी शक्तीवर की पूर्ण शक्तीवर येतो याची नोंद आधी करावी लागते. बरेचदा ही नोंदच निम्मे उत्तर देते.

दोषक्षेत्राची विभागणी

प्रेषणाचा मार्ग लांब असतो. मायक्रोफोनवरील बटण दाबले की एक नियंत्रण तार भूमीशी जोडली जाते, त्यावरून प्रेषण मंडलांना पुरवठा मिळतो आणि ग्राहीचा पुरवठा तोडला जातो. त्यानंतर ध्वनी विवर्धक, मॉड्युलेटर, फिल्टर, मिश्रक, चालक टप्पा, शक्ती विवर्धक, लो-पास फिल्टर व रिले या क्रमाने संकेत अँटेनापर्यंत जातो.

पहिली विभागणी डमी लोडने करतात. डमी लोड म्हणजे अँटेनाऐवजी जोडावयाचा, उष्णता सोसणारा ५० ओहमचा रोध. त्यावर दोष अजिबात येत नसेल तर कारण प्रायः संचाबाहेर, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा अँटेनात असते. परावर्तित शक्ती वाढली की संरक्षक मंडल संचाची शक्ती आपोआप घटवते. स्थायी तरंग गुणोत्तर सुमारे २ ते ३ च्या वर गेल्यास अनेक संचांत हे घडते. वारा सुटल्यावर किंवा पाऊस पडल्यावर येणारा दोष याच प्रकारचा असतो. कोकण किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत घराबाहेरील पीएल-२५९ कनेक्टरच्या जाळीचा सांधा गंजणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. अँटेनावरच येणाऱ्या दोषाचा आणखी एक प्रकार आहे. रेडिओ ऊर्जा मायक्रोफोनच्या किंवा संगणकाच्या तारेतून संचात परत शिरते आणि आवाज घरघरतो. तारेवर फेराइटची कडी बसवल्याने फरक पडला, तर निदान पक्के होते.

दोष डमी लोडवरही दिसत असल्यास पुरवठ्याच्या तारेतील अँपिअर मापक सर्वाधिक उपयोगी ठरतो. १३.८ व्होल्टवर चालणारा १०० वॉटचा संच ग्रहणाच्या वेळी साधारण १ ते २ अँपिअर घेतो. एकपार्श्व पट्ट प्रकारात, म्हणजे एसएसबीमध्ये, बटण दाबून न बोलल्यास विश्रांत प्रवाहामुळे हा आकडा काही अँपिअरने वाढतो आणि पूर्ण शक्तीवर सुमारे २० अँपिअरपर्यंत जातो. बटण दाबूनही प्रवाह वाढत नसेल तर नियंत्रण तार किंवा प्रेषणाचा अंतर्गत पुरवठा संशयित ठरतो. प्रवाह विश्रांत पातळीवर येऊन बोलताना तिथेच थांबत असेल तर संकेत शक्ती विवर्धकापर्यंत पोहोचत नाही. प्रवाह भरपूर असूनही शक्ती मापक खालीच राहत असेल तर बिघाड विवर्धकाच्या पुढे, फिल्टर किंवा रिलेमध्ये शोधावा. त्यानंतर तारसंकेताच्या प्रकारात चावी दाबून पाहतात. तिथे पूर्ण शक्ती मिळत असेल तर मायक्रोफोन व ध्वनी विभागावर लक्ष केंद्रित करता येते.

नमुनेदार कारणे

मायक्रोफोनची गुंडाळी तार हे सर्वांत साधे कारण आहे आणि नवशिके नेमके तेच शेवटी तपासतात. तार कनेक्टरजवळ किंवा मायक्रोफोनच्या मानेजवळ आतून तुटते आणि बाहेरचे आवरण शाबूत राहते. संचाच्या मागील सॉकेटवर पायबटण जोडून प्रेषण नियमित होते का, हे पाहिल्यास काही मिनिटांत निर्णय लागतो.

पुरवठ्याचा मार्ग याहून फसवा असतो. फ्यूजधारकात किंवा पुरवठ्याच्या प्लगमध्ये केवळ ०.०५ ओहमचा अतिरिक्त रोध निर्माण झाला, तर २० अँपिअरवर १ व्होल्ट घट होते आणि तेवढ्या जागेत २० वॉट उष्णता तयार होते. ग्रहणाच्या वेळी हीच घट ०.१ व्होल्टच्या आत राहते, म्हणून संच पूर्ण निरोगी भासतो. अनेक उत्पादक पुरवठ्यात १५ टक्के फरक चालेल असे सांगतात, म्हणजे खालची मर्यादा ११.७ व्होल्टच्या आसपास येते. लांब व बारीक तार, गंजलेला बॅटरीचा टोकदांडा आणि सैल फ्यूजधारक एकत्र आले की मोठ्या आवाजातील शब्दागणिक संच क्षणभर मान टाकतो. विद्युत दाब वीजपुरवठ्याच्या टोकाशी न मोजता संचाच्या टोकाशी आणि प्रेषण चालू असताना मोजणे आवश्यक असते. काळवंडलेला किंवा मऊ पडलेला फ्यूजधारक हा पुरेसा पुरावा समजून बदलावा.

रिलेचे स्पर्शबिंदू हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला जाणारा भाग आहे. प्रेषण-ग्रहण रिले सहसा रेडिओ शक्ती येण्यापूर्वी बदलतो. त्यामुळे स्पर्शबिंदूंवर ठिणगी पडत नाही व झीज कमी होते, पण ठिणगीने होणारी सफाईही होत नाही. कालांतराने त्यांवर ऑक्साइड किंवा मळाचा पातळ थर जमतो. ५० ओहमवर १०० वॉट म्हणजे सुमारे ७१ व्होल्ट. याउलट उच्च वारंवारता पट्ट्यांत एस-९ इतका जोरदार मानला जाणारा संकेत ५० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे सुमारे चौदा लाख पटींनी लहान असतो. प्रेषणाचा दाब थराला भेदतो, ग्रहणाचा संकेत भेदू शकत नाही. म्हणूनच ग्रहण अचानक मंदावणे आणि बटण क्षणभर दाबताच पूर्ववत होणे, हे रिले खराब होत असल्याचे पूर्वलक्षण मानले जाते. पुढे थर वाढून स्पर्शबिंदू जळू लागले की प्रेषणही तुटते. दोष एकाच पट्ट्यात येत असेल तर त्या पट्ट्याच्या लो-पास फिल्टरचा रिले प्रथम पाहावा. काचकागदाने घासलेले स्पर्शबिंदू त्यांचा मौल्यवान धातूचा मुलामा गमावतात व लवकरच पुन्हा बिघडतात. त्यामुळे रिले बदलणे हाच टिकाऊ उपाय होय.

ड्राय सोल्डर, म्हणजे वरून अखंड दिसणारा पण आतून सुटलेला सांधा, जड आणि तापणाऱ्या घटकांच्या पायाशी आढळतो. कनेक्टर, रिले, मोठी गुंडाळी व शक्ती ट्रान्झिस्टर ही त्याची ठिकाणे. भिंगातून पाहिल्यास पायाभोवती बारीक वर्तुळाकार भेग दिसते. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने हलके टिचकावणे, हेअर ड्रायरने एक भाग तापवणे आणि शीतक फवाऱ्याने एकच घटक थंड करणे या तीन रीतींनी जागा हेरता येते. सगळी पट्टी एकाच वेळी तापवली तर काहीच कळत नाही.

काही दोष विशिष्ट मॉडेलपुरते असतात. केनवूडच्या १९८० च्या दशकातील टीएस-४४०एस संचात दोलकाच्या घटकांवर कंपनरोधक म्हणून लावलेला चिकट पदार्थ वर्षानुवर्षांनी गडद होतो आणि काही अंशी विद्युतवाहक बनतो. मग दोलकाची कुलूपबंदी सुटते, वारंवारता दर्शकावर केवळ ठिपके उरतात आणि प्रेषणाबरोबर ग्रहणही थांबते. तो पदार्थ काळजीपूर्वक खरवडून काढणे हा प्रचलित उपाय आहे. म्हणून अनोळखी संच उघडण्यापूर्वी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल व ज्ञात दोष वाचणे श्रेयस्कर असते.

दुरुस्तीची खात्री

सर्वच सांधे नव्याने सोल्डर करण्याची पद्धत रूढ असली तरी ती समाधानकारक नाही. तिने दोष गेला की केवळ दबला हे ठरत नाही आणि नव्या चुकांना वाव मिळतो. संशयित घटक छेडताच दोष यावा, सोडताच जावा आणि दुरुस्तीनंतर तीच छेडछाड निष्फळ व्हावी, हा निकष अधिक विश्वसनीय आहे. त्यानंतर झाकण बंद करून, संच नेहमीइतका तापेपर्यंत डमी लोडवर थांबून थांबून प्रेषण करून पाहतात. उघड्या संचावरची यशस्वी चाचणी अपुरी असते.

सुरक्षितता

निर्वात नलिकांच्या संचांत शेकडो व्होल्ट असतात आणि संच बंद केल्यावरही धारित्रांत भार शिल्लक राहतो. ट्रान्झिस्टरी संचांत दाब कमी असला तरी शक्ती विवर्धकाच्या बाहेरील बाजूस स्पर्श केल्यास रेडिओ ऊर्जेने त्वचा भाजते. काही जुन्या सिरॅमिक शक्ती ट्रान्झिस्टरांत बेरिलियम ऑक्साइड असते. त्याची धूळ विषारी असल्याने असा ट्रान्झिस्टर फोडू वा घासू नये. भारतात हौशी केंद्र चालवण्यास केंद्र सरकारचा परवाना आवश्यक आहे. अँटेनावर चाचणी करणे अपरिहार्य असल्यास वारंवारता मोकळी असल्याचे ऐकून घेऊन, आपले संबोधन चिन्ह उच्चारून आणि कमीत कमी शक्तीवर ती उरकतात.