बोटीचा पंखा पाण्यात निसटतो कसा? घट्ट नटालाही पिन का लागते?

जालना जिल्ह्याला समुद्र नाही, पण मोटारबोटीची गरज इथे अधूनमधून पडते. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. वरच्या बाजूला पैठणचं जायकवाडी धरण आहे. त्याच्या 27 दरवाजांतून विसर्ग वाढला की अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतली नदीकाठची गावं सतर्क होतात. ऑगस्ट 2006 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये गोदाकाठानं मोठे पूर पाहिले. अशा वेळी बचाव पथकं रबरी किंवा फायबरच्या बोटी घेऊन येतात. त्यांच्या मागच्या फळीवर इंजिन टांगलेलं असतं. त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात.

या इंजिनाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, एका नटानं शाफ्टवर अडकवलेला असतो. तो नट निघाला आणि पंखा तळाला गेला, तर इंजिन कितीही जोरात सुरू असलं तरी बोट हलत नाही. प्रवाह नेईल तिकडे ती जाते.

पंखा नेमका कधी पडतो?

नट पंख्याला फिरवतो, हा एक सर्रास गैरसमज आहे. फिरवण्याचं काम शाफ्टवरच्या उभ्या दात्यांचं, म्हणजे स्प्लाइनचं असतं. हे दाते पंख्याच्या आतल्या खाचांत बसतात. नटाचं काम एवढंच, की पंखा शाफ्टवरून मागे सरकू नये.

बोट पुढे जाते तेव्हा पंखा पाणी मागे ढकलतो आणि स्वतः इंजिनाकडे दाबला जातो. त्यामुळे नट नसला तरी पंखा काही काळ जागेवर टिकू शकतो आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही. रिव्हर्स टाकला की मात्र जोर उलटा होतो. पंखा शाफ्टवरून मागे ओढला जातो आणि त्याला अडवायला नट नसेल, तर सरळ निसटतो.

पुरात रिव्हर्स कधी लागतो? छतावर अडकलेल्या माणसांजवळ बोट नेताना वेग मारण्यासाठी. म्हणजे पंखा जाण्याची शक्यता सर्वात जास्त तिथेच, जिथे बोटीवर ताबा हवा असतो.

घट्ट आवळलेला नट सैल का होतो?

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 मध्ये याचं उत्तर प्रयोगानं दाखवलं. जोडलेले भाग नटाला आडवे, इकडून तिकडे, घसरत राहिले की आट्यांमधलं घर्षण क्षणाक्षणाला हरतं आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. स्प्रिंग वॉशर हा आपल्याकडचा लाडका उपाय. या प्रकारच्या चाचणीत तो फारसा टिकत नाही.

बोटीच्या पंख्याला असे हादरे सतत बसतात. पुरात तर जास्तच. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात ऊस भरपूर आहे, त्यामुळे शेतावरून जाणाऱ्या बोटीखाली उभा ऊस असू शकतो. शिवाय कुंपणाची तार, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, वाहून आलेलं कापड. यातलं काहीही पंख्यात गुंडाळलं की तो अडतो, सुटतो, पुन्हा अडतो.

यात फिरण्याच्या दिशेचाही वाटा आहे. घरच्या टेबल फॅनची पाती धरून ठेवणारी टोपी काढताना ती नेहमीच्या उलट दिशेला फिरवावी लागते, हे अनेकांनी अनुभवलं असेल. तिचे आटे मुद्दाम डावे असतात, म्हणजे पंखा फिरताना टोपी आवळत जाते. मोठ्या जहाजांच्या नटांमध्येही हीच युक्ती वापरतात. छोट्या आउटबोर्ड इंजिनांत मात्र साधारणपणे नेहमीचे उजवे आटे असतात. त्यामुळे तिथे भरवसा ठेवायचा तो पिनेवर.

किल्ल्यासारखा नट

अनेक आउटबोर्ड इंजिनांत कॅसल नट असतो. वरच्या कडेला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असल्यामुळे हे नाव पडलं. शाफ्टच्या टोकाला आरपार छिद्र असतं. नटाची खाच आणि हे छिद्र एका रेषेत आणून त्यातून दुपायी पिन घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. हीच स्प्लिट पिन किंवा कॉटर पिन. गॅरेजवाल्यांना ती चांगली ओळखीची असते, आणि बैलगाडीचं चाक आसावरून निसटू नये म्हणून ठोकलेली खीळही तेच काम करते. नट सैल झाला तरी पिन त्याला फिरू देत नाही.

मर्क्युरीच्या अनेक इंजिनांत पिनेऐवजी कानांचा वॉशर असतो. नट आवळल्यावर त्याचे कान वाकवून खाचेत बसवतात. या कंपनीच्या अनेक मोठ्या इंजिनांना नट 75 न्यूटन-मीटर इतका आवळायला सांगितलेलं असतं. म्हणजे साधारण एक फुटी पान्ह्याच्या टोकावर 25 किलोचा जोर. इतर इंजिनांचे आकडे वेगळे असतात आणि ते इंजिनाच्या पुस्तिकेत मिळतात.

बसवताना काय पाहायचं?

सर्वात आधी इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि सुरक्षेची दोरी काढलेली. पंखा हातानं धरून नट आवळू नये, पात्यांच्या कडा बोटं कापतात. पातं आणि त्याच्या वरची आडवी पट्टी यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा.

शाफ्टच्या दात्यांना पाण्यात टिकणारं ग्रीस लावावं, नाहीतर पंखा गंजून शाफ्टला धरतो आणि पुढच्या वेळी निघत नाही. मग क्रम: आधी जाड थ्रस्ट वॉशर, मग पंखा, त्यावर स्पेसर, शेवटी नट. थ्रस्ट वॉशर पंखा काढताना बऱ्याचदा ग्रीसनं पंख्यालाच चिकटून येतो आणि पाण्यात पडतो. तो विसरला तर पंखा गिअरच्या डब्यावर घासतो.

नट हवा तेवढा आवळला, पण खाच आणि छिद्र जुळत नाही, असं हमखास होतं. इथे घाईत नट थोडा मागे फिरवण्याचा मोह होतो. ते चुकीचं. पुढची खाच येईपर्यंत तो आणखी आवळायचा.

पिन दरवेळी नवी. एकदा वाकवून सरळ केलेली पिन पुन्हा वाकवली की तिथेच तुटते. ती छिद्रात सैल खुळखुळायला नको आणि स्टेनलेस स्टीलची असलेली बरी. पिनेच्या जागी खिळा हा आपला नेहमीचा जुगाड, पण खिळ्याला वाकवायला दोन पाय नसतात. तो हादऱ्यांनी निघतो किंवा गंजून तुटतो.

अगदी लहान इंजिनांत पंख्याला फिरवणारी आणखी एक पिन असते, शिअर पिन. पंखा दगडाला आपटला तर आतले गिअर वाचावेत म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची ठेवतात. तिच्या जागी कडक खिळा घातला तर पिन तुटत नाही, गिअर तुटतात.

नायलॉनची कडी असलेले नट, म्हणजे नायलॉक, काही इंजिनांत येतात. दोन-चारदा काढून घातले की कडीची पकड जाते. नट बोटांनीच फिरू लागला तर तो बदलायचा. आटे धरून ठेवणारा डिंकही बाजारात मिळतो, पण ग्रीस लागलेल्या आट्यांवर तो धरत नाही.

कोकणातल्या मच्छीमार ट्रॉलरची रचना वेगळी. तिथे इंजिन आत असतं, लांब शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि पंखा त्यावर चावीनं बसतो. पुष्कळ ठिकाणी एकावर एक दोन नट लावतात. पातळ नट आत आणि जाड बाहेर, हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. पण बाहेरचा नट आवळला की सगळा ताण त्याच्यावर येतो, म्हणून जाड नट बाहेर. त्यातही पिन किंवा लॉकिंग पट्टी असतेच.

पुरात निघणाऱ्या बोटीत एक छोटा डबा बांधून ठेवला तर बरं. त्यात एक जादा नट, थ्रस्ट वॉशर, चार-पाच पिना, पक्कड, योग्य मापाचा पान्हा आणि लाकडाचा ठोकळा. शक्य असेल तर जादा पंखाही. बोट पाण्यात सोडण्याआधी पिनेचे दोन्ही पाय वाकलेले आहेत का, हे हात लावून तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही. तारेला किंवा दगडाला पंखा आपटला असेल, तर काठाला आल्यावर ते पुन्हा तपासावं लागतं.