निपाणीची तंबाखूपेठ

नायजेरिया किंवा व्हेनेझुएला या देशांच्या निर्यातीत खनिज तेलाला जे स्थान, तेच विसाव्या शतकात कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातून बाहेर जाणाऱ्या मालात तंबाखूला होते. पीक एक, गिऱ्हाईक मोजके, आणि भाव ठरवणारे शेताच्या बांधापलीकडचे.

तंबाखू भारतात आणला पोर्तुगीजांनी. सतराव्या शतकाच्या प्रारंभी असदबेग या मुघल अधिकाऱ्याने तो विजापुराहून अकबराच्या दरबारात नेला, म्हणजे दख्खनमध्ये तो त्याआधीच रुळला होता. निपाणीचा माल मात्र हुक्क्याचा किंवा सिगारेटचा नव्हे, विडीचा. पावसाळ्यात रोपे लावायची, फूल धरू लागले की शेंडा खुडायचा आणि पानांच्या बगलेतले फुटवे काढत राहायचे, म्हणजे सारा कस पानात उतरतो. तोडलेला माल उन्हातच वाळवतात. पुढची कुटाई-चाळणी वखारीत, बहुतेक बायकांच्या हातून, तंबाखूच्या भुकटीत श्वास घेत. निपाणीच्या श्रीमंतीचे हिशेब मांडताना हा भाग सहसा गाळला जातो.

१९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर आला. तेव्हापासून साठवणीवर सरकारी नजर राहिली आणि परवानाधारक वखारवाल्याचे वजन वाढले. कच्च्या तंबाखूवरचा हा कर १९७९ मध्ये उठला, पण भाव व्यापाऱ्याच्याच हाती राहिला. १९७६ मध्ये गुंटूरला स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाचे लक्ष होते परकीय चलन मिळवून देणाऱ्या, सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूवर. त्या मालासाठी कर्नाटकात १९८४ मध्ये मंडळाचे लिलाव सुरू झाले. विडीचा तंबाखू देशातच खपणारा, म्हणून त्या व्यवस्थेबाहेर. खाडाखोड, घट, उशिरा मिळणारे पैसे यांवर दाद मागायला जागा नव्हती.

मार्च १९८१ मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला. मागणी साधी होती: तंबाखूला रास्त भाव. तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावरच मुक्काम पडला. ६ एप्रिलला आंदोलन मोडून काढण्यात आले, आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. तेल विकणाऱ्या देशांना १९६० मध्ये बगदादला ओपेक स्थापून एकजुटीने भाव मागणे जमले, ते शेतकऱ्यांना महामार्ग अडवूनही पुरते साधले नाही. त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशी यांनी वखारीतल्या कामगार बायकांची संघटना बांधली, ती वेतनाच्या प्रश्नावर.

पुढे पाणी आले तसा ऊस वाढला, सोयाबीन पसरले. २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याने व्यापला, २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. निपाणीतच हालसिद्धनाथ सहकारी साखर कारखाना आहे, आणि तंबाखूच्या उलट उसाला केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर कायद्याने मिळतो.