आज्ञार्थाकडून विध्यर्थाकडे : आभासी यंत्राच्या संहितेचा इतिहास

एका संगणकावर केवळ प्रणालीच्या बळाने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे आभासी यंत्र होय. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम बसविण्याचे काम माणसाने पायरीपायरीने न करता एका लेखी स्क्रिप्टकडून करवून घेणे, ही रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. ‘स्क्रिप्ट’ हा शब्द येथे लिपीचा वाचक नसून नाट्यसंहितेच्या अर्थाजवळचा आहे. म्हणून पुढे ‘संहिता’ हाच शब्द योजिला आहे. या रीतीचा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. तो क्रियापदाच्या अर्थांचाही इतिहास आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाचे मूळ प्रवाह दोन. पहिला संहितेचा. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सी.टी.एस.एस. प्रणालीसाठी लुई पूझँ यांनी १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ ही सोय निर्माण केली. फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ती क्रमाने पार पाडी. युनिक्स परिवारातील कित्येक फाइलींच्या नावाअखेर आढळणारी ‘आर-सी’ ही अक्षरे त्याच नावाचा अवशेष होत.

दुसरा प्रवाह यंत्राचा. केंब्रिज येथील आय.बी.एम.च्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली सी.पी.-४० प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये नित्य वापरात आली. एकाच संगणकावर ती १४ पर्यंत आभासी यंत्रे चालवी. प्रारंभी त्यांना ‘स्यूडो मशीन’ म्हणत. पुढे ‘व्हर्च्युअल मशीन’ हे नाव रूढ झाले. जे मिथ्या नाही, कार्यतः खरेच आहे, ते ‘व्हर्च्युअल’. आपला ‘आभासी’ हा प्रतिशब्द मात्र पुन्हा मिथ्यत्वाकडेच झुकतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

हे दोन्ही प्रवाह लवकरच एकत्र आले. रनकॉमच्या धर्तीवर स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९६६ मध्ये सी.एम.एस.साठी ‘एक्झेक’ रचले. ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्ही.एम./३७० मध्ये प्रत्येक यंत्राची स्मृती व उपकरणे एका निर्देशिकेत नोंदविलेली असत, आणि सी.एम.एस. सुरू होताच ‘प्रोफाइल एक्झेक’मधील आज्ञा पाळल्या जात. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, निर्देशिका विध्यर्थी होती : यंत्रास इतकी स्मृती असावी. एक्झेक आज्ञार्थी होते : हे कर, मग ते कर.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ‘फाइलीच्या शेवटी ही ओळ जोड’ ही आज्ञा दोनदा पाळली तर ओळ दोनदा उमटते. ‘ही ओळ फाइलीत एकदाच असावी’ हे विधान कितीही वेळा अमलात आणले तरी परिणाम एकच राहतो. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये निर्मिलेले ‘सीएफएंजिन’ या दुसऱ्या तत्त्वाकडे वळले. १९९९ मध्ये व्हीएमवेअरमुळे वैयक्तिक संगणकावरही आभासी यंत्रे चालू लागली, आणि २०१० मध्ये मिचेल हाशिमोतो यांच्या ‘व्हेग्रंट’ने यंत्राचे वर्णन व आतील मांडणीच्या आज्ञा एका छोट्या फाइलीतून चालविण्याची सोय केली. यंत्र आता वाचता, तपासता व उतरवून घेता येणारा पाठ झाले.

परंतु पाठ म्हटला की पाठभेद आलेच. आमच्या एका शब्दगणनेच्या कामासाठी यंत्र उभारणारी संहिता आम्हीच लिहिली होती आणि गणनेच्या प्रणालीची ‘नवीनतम आवृत्ती घ्यावी’ असे तीत नमूद केले होते. दोन वर्षांनी त्याच संहितेवरून यंत्र पुन्हा उभारले, तेव्हा आकडे जुळेनात. ‘दर्‍या’ (खोरी) आणि ‘दर्या’ (समुद्र) यांतील भेद आमच्या संग्रहात एका अदृश्य संयोजक-चिन्हाने राखलेला होता. नव्या आवृत्तीने ते चिन्ह गाळले, आणि दोन शब्दांचा एक शब्द झाला. एका विद्यार्थ्याची कोष्टके त्यामुळे पुन्हा करावी लागली.

दोष यंत्राचा नव्हता. ‘नवीनतम’ हा शब्द ‘आज’, ‘येथे’ या शब्दांसारखाच बोलणाऱ्याच्या काळावर अवलंबून असतो. वाचणारा दिवस बदलला की त्याचा अर्थ बदलतो. संहितेत म्हणून आवृत्तीचा नेमका क्रमांकच हवा, आणि ती आवृत्ती जपूनही ठेवावयास हवी. मूळ फाइलच नष्ट झाली तर अचूक संहिताही निरुपयोगी ठरते. हस्तलिखिताचा संपादक आपण कोणती पोथी पाहिली हे प्रस्तावनेत सांगतो. संगणकावर भाषेचे संशोधन करणाऱ्यानेही, आपले निष्कर्ष ज्या यंत्रावर निघाले त्याची संहिता, तितक्याच निष्ठेने प्रबंधास जोडली पाहिजे.