ओठ दिसतच नव्हते, तरी लोक हसले!

आज एका विचित्र प्रश्नापासून सुरुवात करतो. शब्दभ्रम, म्हणजे बोलक्या बाहुल्यांची कला, यात आपण बघतो काय? रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन बसले की आपली नजर हमखास पाध्यांच्या ओठांवर. हलले का? नाही हलले! मग हाच खेळ रेडिओवर कसा चालेल?

पण अमेरिकेत तो चालला, आणि तुफान चालला. एडगर बर्गन आणि त्याचा लाकडी बाहुला चार्ली मॅकार्थी. डोक्यावर टॉप हॅट, एका डोळ्याला काच, जीभ मात्र कात्रीसारखी. 1937 साली एनबीसी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. गंमत म्हणजे बर्गनचे ओठ हलायचे, आणि खुद्द चार्ली त्यावरून त्याची टर उडवायचा.

मला वाटतं, खरी किल्ली इथेच आहे. स्टेजवर डोळे सारखे सांगत राहतात, अरे, हे लाकूड आहे. रेडिओवर ते सांगणारं कोणी नाही. एक समंजस माणूस, एक वात्रट पोरगा, दोघेही नुसते आवाज. म्हणजे दोघेही सारखेच खरे!

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली. बर्गन-चार्ली सैनिकांसमोर कार्यक्रम करू लागले. 1942 मध्ये तर भन्नाट कथानक आलं: चार्ली आधी लष्कराच्या हवाई दलात भरती होतो, मग मरीन्समध्येही! आता याच्यावर कोर्ट मार्शल. त्या खटल्यात सिनेस्टार जेम्स स्टुअर्टही होता, जो तेव्हा खरोखरच हवाई दलात लेफ्टनंट होता. विचार करा, दिवसभर सॅल्यूट ठोकणारी पोरं शिस्तीची ही थट्टा ऐकतायत. जिवंत माणसाने केली असती तर आगाऊपणा ठरला असता. लाकडाला कोण शिक्षा करणार?

तिकडे ब्रिटनमध्ये 1944 साली 'नेव्ही मिक्श्चर' या कार्यक्रमात पीटर ब्रॉचा आर्ची अँड्र्यूज बोलायला लागला. तोही बाहुलाच.

पण बाहुला इतका खरा झाला, की घरातल्या खऱ्या माणसाचं काय? बर्गनची मुलगी कँडिस, पुढची मोठी अभिनेत्री, 1946 साली जन्मली. लोक तिला 'चार्लीची बहीण' म्हणायचे. 1978 मध्ये बर्गन गेला. मृत्युपत्रात चार्लीसाठी 10,000 डॉलर. मुलीसाठी काहीच नाही. हे तिनेच पुढे आपल्या आठवणींत लिहिलंय. हे वाचलं तेव्हा, खरं सांगतो, आधीचे सगळे विनोद घशात अडकले.

ज्यांनी चार्लीला फक्त ऐकलं, त्यांना तो हसवून गेला. जी त्याच्यासोबत एका घरात वाढली, तिला त्याची किंमत मोजावी लागली.

आत्ता इअरफोन लावून तुम्ही माझाही एक चेहरा मनात बनवलाच असेल ना? तो कसा आहे, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!