चराची साक्ष

एखादी वस्तू न्यायालयापुढे आली की आम्ही वकील प्रथम विचारतो : ती कोठे, कोणासमक्ष व कोणत्या स्थितीत सापडली? पंचनामा नसेल, तर वस्तू खरी असूनही तिची साक्ष लंगडी पडते. भूमीच्या पोटातील वस्तूंनाही हाच न्याय लागू आहे.

बडोद्याचे अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात बडोदे ‘वटपद्रक’ या नावाने येते, ते याच अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक म्हणून. १९५१ साली येथे जैन धातुमूर्तींचा मोठा ठेवा हाती आला. उमाकांत शहा यांनी लेख व शैली पारखून त्यांचा काळ मांडला. त्यांचा ग्रंथ १९५९ साली निघाला. परंतु हा ठेवा योगायोगाने मिळाला होता. मूर्ती बोलल्या, ज्या थरात त्या निजल्या होत्या, तो थर मात्र मुकाच राहिला.

याउलट उदाहरण देवनी मोरीचे. शामळाजीजवळील ही जागा मेश्वो नदीवरील धरणाच्या पाण्यात जाणार होती. म्हणून महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने, रमणलाल मेहता यांच्या नेतृत्वाखाली, १९६० ते १९६३ या काळात तेथे उत्खनन केले. अशा कामी चर सरळ कडांचा आखतात. माती थराथराने उचलतात. खापरी कोणत्या थरातील हे त्याच दिवशी लिहून ठेवतात. आणि चराच्या उभ्या भिंतीचे मोजून चित्र काढतात. हा साक्षीदार एकदाच जबाब देतो, व जबाब देताच नाहीसा होतो. मग उरते ती केवळ नोंद.

तेथील विटांच्या स्तूपात बुद्धाच्या अवशेषांचा दगडी करंडक मिळाला. त्यावर कथिक राजांचे १२७ वे वर्ष कोरले आहे. ही कालगणना कोणती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्याच स्तूपातील क्षत्रपांच्या नाण्यांची नोंद असल्यामुळे वादास आधार आहे. आज जागा पाण्याखाली आहे. तिची साक्ष टिकली ती कागदावर.

आता आपल्या देवस्थानांकडे वळू. जीर्णोद्धाराचा पाया खणताना जुनी पीठिका वा भग्न मूर्ती निघते, आणि खंडित म्हणून ती भक्तिभावाने पाण्यात सोडली जाते. श्रद्धेस आमचा विरोध नाही. मात्र वस्तू हलविण्यापूर्वी जागेवर छायाचित्र, खोलीचे माप, तारीख व दोन पंचांच्या सह्या एवढे तरी व्हावे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे १८७८ चा निधिविषयक कायदाही सांगतो.

देवाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालली, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या पिढ्यांची साक्ष आपल्याच कुदळीने पुसली जाऊ नये, एवढीच महाजनांस आमची विनंती आहे.